फोटो देखणा, पण निदान चुकले



पिकावर रोग दिसला की पूर्वी आपण रोगट फांदी पिशवीत घालून तालुक्याला आणत होता. आता बहुधा फोटो येतो. सोय मोठी झाली, पण सल्ला देणाऱ्याला फोटोत जेवढे दिसते तेवढेच कळते. म्हणून आज खत-औषधाऐवजी कॅमेऱ्यातील एका आकड्याविषयी लिहीत आहे. निमित्त माझ्याच चुकीचे आहे.

सांगोल्याकडचा एक तरुण डाळिंब बागाईतदार. लग्नसराईत फोटो काढण्याचा त्याचा जोडधंदा, त्यामुळे चांगला डिजिटल कॅमेरा घरचाच. पावसाळी हवेत फळांवर डाग दिसू लागताच त्याने मला चार फोटो पाठवले. कॅलेंडरवर छापावेत इतके देखणे! फळाचा पुढचा फुगवटा लख्ख आणि मागची पाने मऊ, धूसर. डाग मात्र फळाच्या बाजूला होता आणि तोही धूसरच. मला तो बुरशीचा ठिपका वाटला. दुसरा फोटो मागवायला हवा होता, तो मी मागवला नाही. बुरशीनाशक सुचवून मोकळा झालो.

दहा दिवसांनी बागेत गेलो. डागांवर इंग्रजी एल आणि वाय या अक्षरांसारख्या भेगा होत्या, पानांवरील ठिपक्यांभोवती पिवळी कडा होती. तो तेल्या होता. तेल्या जिवाणूमुळे होतो. मी सांगितलेल्या औषधाचा त्यावर काही उपयोग नव्हता. मधल्या दिवसांत रोगट फळे झाडावरच राहिली आणि पावसाच्या थेंबांबरोबर रोग शेजारच्या झाडांवर गेला.

"साहेब, फोटो तर लई भारी आला होता की!" तो म्हणाला. त्याचेही खरे होते. लग्नात नवरीचा चेहरा उठून दिसावा म्हणून भिंगाचे छिद्र जितके मोठे ठेवतात, तितकेच त्याने बागेत ठेवले होते.

या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. त्यातून प्रकाश आत जातो. छिद्र लहान केले की दोन गोष्टी घडतात : प्रकाश कमी येतो, आणि पुढचे-मागचे अधिक अंतर स्पष्ट दिसते. याचा अनुभव आपल्या घरातच आहे. चष्मा सापडला नाही की आजी डोळे बारीक करून पंचांग वाचते. डोळ्याची फट अरुंद झाली की धूसर अक्षर थोडे स्पष्ट होते. कॅमेऱ्याचेही तेच.

छिद्राचे माप एफ या अक्षरापुढील आकड्याने सांगतात. आकडे असे : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. येथे नवख्याची गफलत होते, कारण आकडा मोठा तर छिद्र लहान. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ २ ला छिद्र २५ मिलिमीटरचे, तर एफ ८ ला सव्वासहा मिलिमीटरचे. वर दिलेल्या ओळीत एक पायरी पुढे गेले की प्रकाश निम्मा होतो. एफ २ वरून ८ वर चार पायऱ्या होतात, म्हणजे प्रकाश सोळावा हिस्सा उरतो.

तोटी बारीक केली तर बादली भरायला वेळ लागतो. तसेच येथे शटर जास्त वेळ उघडे राहते. एफ २ ला सेकंदाचा हजारावा भाग पुरत असेल, तर एफ ८ ला सुमारे साठावा भाग लागेल. तेवढ्यात वाऱ्याने पान हलते. अशा वेळी आयएसओ १०० वरून ४०० करावा. मग अडीचशेवा भाग पुरतो. पान दुसऱ्या हाताने धरावे, म्हणजे काम सोपे होते.

रोगाचा फोटो काढताना एवढे करा. कॅमेऱ्यावरील चकती ए किंवा एव्ही या खुणेवर आणा. म्हणजे छिद्र तुम्ही ठरवाल आणि शटरचे कॅमेरा पाहील. पानासाठी एफ ८, गोल फळासाठी एफ ११ ठेवा. २२ पर्यंत जाऊ नका. छिद्र फारच लहान झाले की सगळेच चित्र किंचित मऊ पडते. फोकस डागावरच करा. फार जवळ जाऊ नका. जितके जवळ जाल तितका स्पष्ट पट्टा अरुंद होतो. पान भिंगासमोर सपाट धरा. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक फांदीचा, एक डागाचा असे तीन पाठवा.

बहुतेक मोबाइलमध्ये हे छिद्र बदलता येत नाही. तेथे पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण तो मागचा भाग मुद्दाम धूसर करतो. वीतभर मागे सरून फोटो काढा आणि नंतर कापून मोठा करा.

मोठे छिद्र वाईट असे मात्र समजू नका. अंधाऱ्या गोठ्यात तेच उपयोगी. पोळ्याला किंवा बेंदराला एका बैलाचा मुखडा टिपायला एफ ४ छान. पण जोडीचा फोटो असेल तर ८ घ्या, नाहीतर एक बैल स्पष्ट आणि दुसरा धूसर येईल.

आज संध्याकाळी ओसरीवर मक्याची पाच कणसे एकामागे एक वीतभर अंतराने मांडा. मधल्यावर फोकस करून एक फोटो तुमच्या भिंगाच्या सर्वांत लहान आकड्यावर काढा, दुसरा ११ वर. दोन्हींत किती कणसांचे दाणे मोजता येतात ते मुलांना पाहू द्या.

आणि शंका राहिलीच, तर रोगट फळ पिशवीत घालून घेऊन या. फोटो हा नमुन्याला पर्याय नव्हे, हे मी त्या बागेत शिकलो. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली.