लंगोट, पण स्लिम-फिट!

हल्लीचा बाळंतविडा बघितलात का? टकुची-झबल्याच्या जोडीला सहा महिन्यांच्या बाळासाठी चक्क स्ट्रेच डेनिम आणि कार्गो! दिसायला एकदम झक्कास. पण घरात कापडी डायपर वापरायचं ठरलं असेल, तर खरी गंमत पहिल्याच आउटिंगला कळते. पँट मांडीपर्यंत सरसर चढते आणि तिथेच अडकते. कशीबशी वर ओढली तर बटण लागत नाही. मागून बघावं तर बाळाची चाल थेट बदकासारखी. मग कुणीतरी म्हणतं, ‘सोडा ना ते कापडाचं खूळ!’ आणि हौसेने घेतलेले डझनभर डायपर कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसतात.

थोडं थांबा. कापडी डायपर सडपातळ मिळतात, बाळाला छान बसतातही. फक्त ते निवडताना एक साधा हिशोब डोक्यात पक्का हवा. जेवढं कापड कमी, तेवढी शू कमी धरली जाणार. त्यामुळे दुकानात ‘सगळ्यात स्लिम कोणता?’ असं विचारून काम भागत नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी किती जाडी लागते, हे ठरवायचं आणि मग खरेदी करायची.

जाडी येते कुठून?

यूज-अँड-थ्रो डायपर पातळ असतो, कारण त्याच्या पोटात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाची पावडर असते. ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन त्याची जेली करते. कापडाकडे ही जादू नाही. कापड पाणी धरतं ते धाग्यांत आणि धाग्यांच्या मधल्या जागेत. म्हणून थरावर थर द्यावे लागतात. हे थर म्हणजेच इन्सर्ट किंवा पॅड. बाहेरचं रंगीबेरंगी कव्हर तसं पातळच असतं. बहुतेक वेळा ते ‘पीयूएल’चं असतं, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. बाहेरची प्रिंट कितीही गोड असो, स्लिम की जाड हे ठरतं आतल्या पॅडवर!

स्वस्त डायपरमध्ये बरेचदा मायक्रोफायबरचं पॅड येतं. ते शू पटकन शोषतं, लवकर वाळतं, पण फुगीर असतं. शिवाय त्याचा स्वभाव स्पंजसारखा. बाळ बसलं, कारसीटचा पट्टा आवळला किंवा कडेवर घेतलं, की दाबाने पाणी बाहेर येतं आणि तुमचा इस्त्रीचा शर्ट ओला. मायक्रोफायबर थेट बाळाच्या कातडीला लावायचंही नसतं, ते त्वचा कोरडी पाडतं. वर दुसरं मऊ कापड हवंच.

सुती पॅड मधल्या जाडीचं आणि भरवशाचं. बांबू व्हिस्कोस आणि सुताचं मिश्रण त्याहून जरा सडपातळ, पण वाळायला वेळ घेतं. पातळपणात बाजी मारतं ते हेम्प, म्हणजे अंबाडीसारखा चिवट धागा देणाऱ्या भांगेच्या झाडाचं कापड. थोड्या जाडीत ते भरपूर पाणी धरतं. फक्त शोषायला जरा आळशी. त्यामुळे वर सुती किंवा बांबूचा थर आणि खाली हेम्प, ही जोडी झकास जमते. नैसर्गिक धाग्यांची पॅड्स पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय पूर्ण शोषत नाहीत. नवं पॅड पहिल्या दिवशी गळलं म्हणून लगेच दुकानदारावर चिडू नका!

कुणाला कोणता?

*पॉकेट डायपर* : आत खिसा, त्यात पॅड सरकवायचं. एक पॅड घातलं तर स्लिम, दोन घातली तर जाड. कंट्रोल तुमच्या हातात. नवशिक्यांसाठी चांगला.

*ऑल-इन-वन* : सगळे थर एकत्र शिवलेले. घडीची भानगड नाही, बसतोही सुबक. आजी-आजोबा आणि पाळणाघरातल्या ताई यांना हाच आवडतो. पण जाड शिवणीमुळे जुलैत दोरीवर दोन-दोन दिवस लोळतो.

*कव्हर आणि टिचबटणाचं पॅड* : पॅड बदलायचं, कव्हर फक्त ओलसर असेल तर पुसून पुन्हा वापरायचं. शी लागली तर मात्र धुवायलाच टाकायचं. सडपातळ आणि खिशालाही परवडणारा.

*फिटेड* : अख्खा डायपरच शोषणाऱ्या कापडाचा, वरून वेगळं कव्हर. भरपूर धरतो आणि भरपूर दिसतोही. तो रात्रीचा गडी. त्याच्यावर डेनिम चढवायच्या फंदात पडू नका.

*चौकोनी कापड* : साधारण 27 इंची सुती चौकोन. घडी घालून कव्हरमध्ये ठेवायचा. एकपदरी असल्यामुळे पावसाळ्यातही पंख्याखाली चटकन वाळतो. घडी आपल्या हातात, त्यामुळे हवी तिथे जाडी, नको तिथे सपाट. आता आजी हसतील, कारण ही त्यांच्या मलमलच्या लंगोटाचीच मॉडर्न आवृत्ती! जुन्या मऊ धोतराचे त्रिकोणी लंगोट हे खरे पहिले स्लिम-फिट. त्यांना फक्त वॉटरप्रूफ कव्हर नव्हतं, म्हणून घरभर दुपटी पसरलेली असायची.

साइझची गोची

भारतात मिळणारे बरेचसे डायपर ‘फ्री साइझ’ असतात, साधारण 5 ते 17 किलोपर्यंत चालणारे. पुढच्या टिचबटणांच्या ओळींनी उंची कमी-जास्त करायची. पैसे वाचतात हे खरं. पण पाच किलोच्या बाळाला तो घातला की उरलेलं सगळं कापड पुढे गोळा होतं आणि पोटाखाली टेकडी तयार होते. सडपातळ फिटिंग हवं असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी न्यूबॉर्न साइझचे थोडे डायपर किंवा चौकोनी कापडं घ्या आणि फ्री साइझ नंतर सुरू करा. नाळ पडेपर्यंत डायपर बेंबीच्या खालीच दुमडायचा, हेही लक्षात ठेवा.

घेताना डायपर टेबलावर सपाट पसरा आणि दोन पायांच्या मधली, सगळ्यात अरुंद जागा बघा. खरी जाडी तिथेच जाणवते. ती जागा अरुंद असेल, तर पोटावर आणि पाठीवर थोडं जास्त कापड असलं तरी बाळाला अडचण होत नाही. पॅडची घडीही तशीच घाला. मुलगा असेल तर जास्तीचे थर पुढे, मुलगी असेल तर मध्ये. सगळीकडे दुप्पट थर द्यायची गरजच नाही.

वयाच्या लेबलवर फार जाऊ नका. सात किलोचं एक बाळ लांबुडकं असतं, दुसऱ्याच्या मांड्यांना तीन-तीन वळ्या! वजन आणि मांडीचा घेर बघा. सुपरबॉटम्स, बमपदम यांसारख्या भारतीय ब्रँडचे कट वेगवेगळे आहेत. तेव्हा एकदम डझनभर न उचलता, आधी दोन-तीन प्रकारांतला एकेक घेऊन आठवडाभर वापरून बघा.

घट्ट म्हणजे स्लिम नव्हे!

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. डायपर सडपातळ दिसावा म्हणून बटणं एक घर आत ओढली जातात. बाळ बिचारं तक्रार कुठे करणार? कमरेत तुमची दोन बोटं आरामात जायला हवीत. मांडीचं इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसायला हवं, चड्डीची शिवण बसते तिथे. तिथे बसलं की फट राहत नाही आणि आवळावंही लागत नाही. डायपर काढल्यावर मोज्यासारखा हलका वळ उठला आणि थोड्या वेळात गेला, तर चिंता नको. वळ खोल असेल, लाल राहत असेल किंवा कातडी सोलवटली असेल, तर लगेच सैल करा. पुरळ दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, तर बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

‘जाड लंगोटाने पाय फेंगडे होतात’ हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येतं. निर्धास्त राहा. तान्ह्या बाळाचे पाय मुळातच थोडे बाकदार असतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत आपोआप सरळ होऊ लागतात. डायपरचा त्यात दोष नाही. उलट पाय फाकलेले राहणं बाळाच्या खुब्याच्या सांध्याला चांगलं असतं. आपल्याकडे मुलं कडेवर बसतात ती नेमकी अशीच. डॉक्टर सावध करतात ते पाय सरळ करून घट्ट गुंडाळण्याबद्दल.

मग स्लिम डायपर हा नुसता फॅशनचा मामला का? तसंही नाही. 2012 साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 13 आणि 19 महिन्यांच्या मिळून 60 बाळांना तीन प्रकारे चालवलं : उघडं, पातळ यूज-अँड-थ्रो डायपरमध्ये आणि जाड कापडी डायपरमध्ये. उघडी बाळं सगळ्यात छान चालली. जाड कापडात ती जास्त अडखळली, पडली आणि पाय फाकवून चालली. पातळ डायपरनेही थोडा फरक पडलाच. हा परिणाम डायपर अंगावर असेपर्यंतचा आहे, कायमचा नाही. पण यातून एक गोष्ट नक्की घ्यावी. बाळ उभं राहायला लागलं की दिवसा पायांमधली जाडी कमी करा आणि रोज थोडा वेळ त्याला चक्क मोकळं सोडा. याहून स्लिम-फिट काय असणार?

घड्याळ लावून जाडी

दिवसा दर दोन-तीन तासांनी डायपर बदलणारच असाल, तर एक सुती-बांबूचं पॅड पुरे. बदलणं वेळेवर झालं की जाडीची गरजच कमी होते. लांबचा प्रवास, लग्न किंवा हिंजवडीचा ट्रॅफिक असेल तर खाली हेम्पचा एक जादा थर द्या. रात्री मात्र फॅशन बाजूला ठेवा, जाड फिटेड किंवा दोन पॅड्स घाला. पायजमा थोडा फुगेल, फुगू दे. झोपलेल्या बाळाला कोण बघतंय? ओल्या पातळ डायपरमध्ये सात-आठ तास काढण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आपल्या बाळाला नेमकं किती लागतं, हे कळण्यासाठी किचनमधला वजनकाटा काढा. कोरड्या पॅडचं वजन लिहून ठेवा, बदलताना ओल्याचं करा. जेवढे ग्रॅम वाढले, साधारण तेवढे मिलिलिटर शू झाली. दोन-तीन दिवसांत दुपारचा आणि रात्रीचा आकडा हातात येतो. मग अंदाजपंचे थर वाढवायची गरज उरत नाही.

पाळणाघराची बॅग

26 आठवड्यांची रजा संपते आणि साधारण त्याच सुमारास बाळाचं वरचं खाणं सुरू होतं. म्हणजे ऑफिस, पाळणाघर आणि घट्ट शी, सगळं एकदम! इथेच बहुतेकांचा कापडी डायपर सुटतो. सकाळच्या घाईत ते निभवायचं असेल तर आदल्या रात्री चार-पाच डायपर पॅड घालून तयार ठेवा, सोबत ओल्यासाठी एक वॉटरप्रूफ पिशवी द्या. टिचबटणं कितव्या घरात लावायची, ते पाळणाघरातल्या ताईंना एकदा करून दाखवा. पॅडवर ठेवायचा लायनर दिला की शी उचलून टाकणं सोपं जातं. आणि हो, रात्री बॅग भरणं हे काम बाबांच्या नावावर टाकायला अजिबात हरकत नाही!

धुणं फार अवघड नाही. शी संडासात, मग साध्या पाण्याने एकदा खळबळून नेहमीच्या पावडरने मशीनला. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर बसून कापड पाणी पीत नाही. कव्हरवर कडक इस्त्री फिरवू नका. उन्हात वाळवलं की डाग फिके होतात आणि कुबट वासही जातो.

खरेदीला निघण्याआधी

* रोज धुणार असाल तर 10-12, एक दिवसाआड धुणार असाल तर 16-18 डायपर पुरतात.
* पावसाळ्यासाठी अख्खे डायपर वाढवू नका, चार-पाच पॅड्स जादा घ्या.
* बजेट टाइट असेल तर 4-5 कव्हर्स आणि 15 चौकोनी कापडं. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लवकर वाळणारं.
* रात्रीसाठी दोन जाड फिटेड वेगळे ठेवा.
* पँट एक साइझ मोठी आणि कमरेला इलॅस्टिकची घ्या.

राहता राहिली बाळंतविड्यातली ती डेनिम. एका पॅडवर, दुपारच्या दोन तासांपुरती, फोटोसाठी जरूर घाला. फोटो झाला की काढा आणि पिल्लाला घरभर मोकळं दुडदुडू द्या!