नोकरीची वाट : चाळिशीतला बायोडाटा



या सदरात आपण बहुधा दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींच्या वाटा पाहतो. आज त्यांच्या आईवडिलांसाठी लिहायचे आहे. आपल्या वस्त्यांत असे कितीतरी जण आहेत, ज्यांनी बी.एस्सी.ला गणित किंवा संख्याशास्त्र घेतले, पण घरची जबाबदारी अंगावर पडली म्हणून हाती लागेल ती नोकरी धरली. कोणी विमा कंपनीत क्लार्क झाले, कोणी पतपेढीत लागले, कोणी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले. आता मुले हाताशी आली, कर्ज फिटत आले आणि मनात येते, अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा आता द्याव्यात काय? आणि दिल्या, तर या वयात बायोडाटा कोणत्या तोंडाने पाठवायचा?

आधी हे काम काय ते पाहू. आपल्या चाळीतला मयतीचा फंड घ्या. १०० घरे, महिना ३० रुपये वर्गणी, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. मयत झाली की त्या घराला १०,००० रुपये द्यायचे. वर्षात तीन मयती झाल्या तर फंड पुरतो. चौथी झाली की तिजोरी रिकामी! मग वर्गणी किती असावी? वस्तीत साठीच्या पुढचे किती, तरुण किती, दरसाल किती मृत्यू संभवतात, शिल्लक बँकेत किती वाढेल, हा हिशेब आधीच मांडून सांगणारा तो अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विमागणिती. विम्याचा हप्ता, पेन्शनचा फंड, कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद, हे सारे त्याच्या गणितावर उभे असते.

हा विषय आपल्याला परका नाही. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. गरिबाच्या घरातला कमावता माणूस गेला की काय होते, हे ते जाणत होते.

आता परीक्षेचे. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया ही संस्था २००६ च्या कायद्यानुसार या परीक्षा घेते. प्रथम प्रवेश परीक्षा, नंतर डझनाच्या घरात पेपर, सारे इंग्रजीतून. वयाची वरची अट नाही, पण पूर्ण पात्र व्हायला वर्षे लागतात. म्हणून पहिली गोष्ट : हातची नोकरी सोडू नका. एक-दोन पेपर सुटले की मगच अर्ज करा. बहुतेक कंपन्या आधी तेच विचारतात.

म्हणूनच बायोडाट्यात नाव, फोन व ईमेल यांच्याखाली लगेच सुटलेले पेपर लिहा, महिना आणि वर्षासह. निकाल यायचा असेल तर तसे स्पष्ट लिहा. त्याखाली संगणक : एक्सेल कितपत येते, आर ही भाषा शिकलात काय. मग आजवरची नोकरी आणि पदवी त्यानंतर. वीस वर्षांपूर्वीची पदवी सर्वांत वर लिहिली की वाचणाऱ्याला वाटते, त्यानंतर या माणसाने पुस्तक उघडलेलेच नाही.

नोकरीचे वर्णन करताना आपली माणसे फार संकोच करतात. ‘विमा कंपनीत क्लार्क, २००८ पासून, सर्व प्रकारची कामे’ एवढेच लिहून मोकळी होतात. त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहा : ‘मृत्यूदाव्यांची छाननी, महिन्याला सुमारे ६० फायली. वय, पॉलिसीचा काळ व मृत्यूचे कारण यांचा तिमाही तक्ता एक्सेलमध्ये तयार करणे.’ आकडा अर्थात तुमचा, खरा असावा. पतपेढीत असाल तर थकबाकीचा तक्ता तुम्ही केला असेल. शिकवणी घेत असाल तर अवघड गणित सोप्या शब्दांत सांगता येते, आणि ते या धंद्यात फार लागते. विहाराचे किंवा मंडळाचे खजिनदार म्हणून सलग हिशेब ठेवले असतील, तर तेही एका ओळीत लिहा. तेही काम आहे, फुकट केले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

आधी मराठीत लिहून काढा, मग सोप्या इंग्रजीत. मुलीला टाईप करू द्या, मजकूर मात्र तुमचाच ठेवा. मुलाखतीत उत्तरे तुम्हालाच द्यायची आहेत. दोन पाने पुरेत. मध्ये आजारपणात किंवा बाळंतपणात नोकरी सुटली असेल तर तारखा ओढूनताणून जुळवू नका, एका वाक्यात कारण द्या. पंचशीलातले चौथे शील इथेही लागू आहे, आणि ज्याच्या आकड्यावर हजारो घरे विसंबणार, त्याचा पहिलाच कागद खोटा असून कसे चालेल?

आता जो प्रश्न आपल्या घरात हळू आवाजात विचारला जातो तो. जात लिहायची काय? खाजगी कंपनीच्या बायोडाट्यात धर्म, जात, वडिलांचे नाव, लग्न झाले की नाही, यांपैकी काहीच लागत नाही. ते न लिहिणे म्हणजे लपवणे नव्हे. त्या कामाशी त्याचा संबंध नाही, एवढेच. सरकारी वा सार्वजनिक क्षेत्राच्या अर्जात मात्र तो रकाना कधीही कोरा सोडू नका. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळायला १९५६ पासून १९९० पर्यंत ३४ वर्षे लढावे लागले. पण जाहिरातीतली वयोमर्यादा आधी पाहा. एलआयसीच्या सहाय्यक प्रशासकीय अधिकारी भरतीत ती साधारण ३० वर्षे, आपल्याला ५ वर्षांची सवलत धरून ३५. चाळिशीत तो दरवाजा बंद असतो, म्हणून खाजगी कंपन्या व सल्लागार संस्था यांच्याकडेच पाहावे लागते.

तिथे सुरुवात खालून होईल. साहेब वयाने पंधरा वर्षांनी लहान असेल, पगार कदाचित आजच्यापेक्षा कमी असेल. म्हणून अर्ज टाकण्यापूर्वी नवरा-बायकोने एकत्र बसून घरखर्चाची वही उघडा. किती महिने ओढाताण सोसेल, मुलांच्या फीला हात न लावता पेपरची फी कुठून येईल, ते लिहून काढा. आकडे जमत नसतील तर वर्षभर थांबा, अभ्यास मात्र सुरू ठेवा. जमत असतील तर येत्या रविवारी विहारातून आल्यावर पहिला कच्चा कागद लिहायला बसा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!