विश्लेषण : जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळते, मग गॅरेजचे बिल एवढे महाग का?

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर दहा-बारा वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार आज नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या भावात दिसते. पुण्या-मुंबईत वापरून झालेल्या या गाड्या मग तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचतात. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णीसारख्या ठिकाणीही अशी गाडी उभी असली की भोवती चार पोरे जमतात आणि कोणीतरी विचारतेच, ‘केवढ्याला पडली?’ खरे तर विचारायला हवे, ‘सांभाळायला केवढ्याला पडते?’ गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची नाही. हा साधा हिशेब खरेदीच्या दिवशी केला जात नाही आणि पहिल्या मोठ्या दुरुस्तीत घरचे बजेट कोलमडते.

किंमत उतरते, खर्च का उतरत नाही?

समजा, एखादी गाडी नवी असताना ५० लाखांची होती आणि आज ती १० लाखांना मिळते. खरेदीदाराला वाटते, आपण १० लाखांची गाडी घेतली. पण तिचा हेडलॅम्प, गिअरबॉक्स, ब्रेक डिस्क आणि सस्पेन्शन हे सगळे ५० लाखांच्या गाडीचेच असतात. तो भाग बनवण्याचा खर्च, आयातीचे शुल्क आणि दुरुस्तीला लागणारे तास गाडी जुनी झाली म्हणून कमी होत नाहीत. उलट मागणी घटली की कंपनी भाग कमी बनवते आणि भाव चढतो.

दुसरे कारण वयाचे. रबरी बुश, होज पाइप, ऑइल सील, वायरिंगवरचे प्लॅस्टिक हे भाग किलोमीटरपेक्षा वर्षे मोजतात. त्यामुळे ‘फक्त ३० हजार किलोमीटर चाललेली, शेडमध्ये ठेवलेली गाडी’ ही जाहिरात ऐकायला गोड असली तरी उभ्या गाडीचे रबरही कडक होते. अशी गाडी रोज धावू लागली की गळती एकामागून एक सुरू होते.

नियमित देखभालीत नेमके काय महाग पडते?

इंजिन ऑइल : साध्या हॅचबॅकला तीन-साडेतीन लिटर ऑइल पुरते. पोर्शे बॉक्स्टरसारख्या सहा सिलिंडरच्या गाडीला साधारण आठ लिटर लागते आणि तेही ठरावीक दर्जाचेच. म्हणजे खर्च इथेच दुपटीच्या पुढे जातो.

टायर : अनेक स्पोर्ट्स कारमध्ये पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात. त्यामुळे पुढचे मागे लावून झीज सारखी करता येत नाही. मागचे लवकर संपतात. शिवाय टायरवरचे अक्षर त्याची वेगमर्यादा सांगते. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किमी, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘वाय’ म्हणजे ३००. स्वस्त पडतो म्हणून खालच्या दर्जाचा टायर बसवला, तर पैसे वाचवायला सुरक्षितता गहाण पडते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल, तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसत असली तरी ही तारीख आधी पाहावी.

ब्रेक फ्लुइड : ते हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ दर्जाच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर ही किमान पातळी १५५ अंशांपर्यंत खाली येते. जोरात ब्रेक लावले जाणाऱ्या गाडीत हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते.

मजुरी : अनेकांच्या हिशेबात ही धरलेलीच नसते. १९९७ ते २००८ या काळातील बऱ्याच बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांच्या इंजिनातील इंटरमीजिएट शाफ्टचे बेअरिंग जगभर बदनाम आहे. ते निकामी झाले तर अख्खे इंजिन जाऊ शकते. बेअरिंग हातात मावेल एवढे, पण तिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून जाणकार क्लच बदलतानाच ते बेअरिंगही बदलून घेतात. एकदा उघडलेल्या जागेतली सगळी कामे एकाच वेळी उरकली, तर मजुरी एकदाच पडते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या देखभालीतले अर्धे शहाणपण यातच आहे.

माढ्यात हाच खर्च आणखी का वाढतो?

पहिले कारण अंतर. माढ्याहून सोलापूर साठ-सत्तर किलोमीटर आणि पुणे जवळपास दोनशे. बंद पडलेली साधी गाडी दोर लावून टोचन करून नेता येते. जमिनीलगतची, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी तशी ओढली तर बंपर आणि गिअरबॉक्स दोन्ही धोक्यात येतात. तिला फ्लॅटबेडच लागतो. दुरुस्ती सुरू होण्याआधीच मीटर पळायला लागतो. भाग परदेशातून येणार असेल, तर गाडी आठवडेच्या आठवडे पुण्यात आणि मालक माढ्यात.

दुसरे कारण रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावोगावी दिसतात ते अरुंद आणि उंच उंचवटे. ११-१२ सेंटिमीटर ग्राउंड क्लीअरन्सची गाडी त्यावर पोट घासूनच उतरते. गळीत हंगामात रस्त्यावर पडलेला ऊस, ट्रॉल्यांनी आणलेला चिखल आणि उखडलेल्या कडा यांची भर पडते. रुंद रिम आणि पातळ टायरला एक खड्डा पुरेसा असतो.

तिसरे कारण ऊन. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. टर्बो इंजिन, बॅटरी, कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि एसी यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. थंड देशासाठी आखलेल्या गाडीचे पंधरा वर्षांचे प्लॅस्टिक एप्रिल-मेमध्ये दगा देते, ते याचमुळे.

इथेनॉलचा यात काय संबंध?

सोलापूर हा राज्यातील प्रमुख ऊस पट्टा. इथल्या उसापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. शेतकऱ्याच्या बिलाला त्याचा आधार आहे. पण तेच इथेनॉल जुन्या स्पोर्ट्स कारच्या टाकीतही जाते.

२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल म्हणजे ई-२०. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात म्हटले होते, की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटू शकते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने ही घट किरकोळ असल्याचे सांगितले. मात्र काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही मान्य केले. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत आणखी एक अडचण असते. इथेनॉल पाणी शोषते. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, अधूनमधून चालवून टाकीतले पेट्रोल संपवावे आणि इंधनाच्या जुन्या नळ्या दरवर्षी तपासाव्यात. उसाच्या तालुक्यात इथेनॉलला दोष देण्यापेक्षा हा खर्च आधीच धरलेला बरा.

विमा असेल तर चिंता कशाला?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही. क्लच गेला, गिअरबॉक्स अडकला, एसी बंद पडला तर साधा विमा पैसे देत नाही.

अपघातातही घसारा कापला जातो. नेहमीच्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि दहा वर्षांपुढील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के कपात होते. काचेवर कपात नसते. म्हणजे एक लाखाचा प्लॅस्टिकचा बंपर फुटला, तर निम्मे पैसे मालकाच्या खिशातून जातात. घसारा न कापणारे ‘झिरो डेप’ संरक्षण एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

मोठा धोका पुढे आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला, तर ती ‘टोटल लॉस’ धरली जाते. ८ लाख विमा किंमत असलेल्या गाडीला ही मर्यादा ६ लाखांची. मूळ ५० लाखांच्या गाडीत दोन हेडलॅम्प, बंपर, रेडिएटर आणि एअरबॅग मिळून हा आकडा लवकर गाठला जातो. धडक मध्यम, पण गाडी कागदावर संपलेली! थर्ड पार्टी विमा वेगळा. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५०० सीसीवरील खासगी गाडीला त्यासाठी वर्षाला ७,८९७ रुपये आणि त्यावर जीएसटी लागतो.

पंधरा आणि वीस वर्षांचा टप्पा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क कारसाठी ६०० रुपयांवरून ५ हजारांवर आणि आयात केलेल्या कारसाठी ४० हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपुढील गाड्यांसाठी ते दुप्पट, म्हणजे १० हजार आणि ८० हजार झाले. महाराष्ट्रात १५ वर्षांपुढील गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातून २००४ मध्ये बाहेर पडलेली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस आठवत असेल. ती आज वीस वर्षांच्या पुढच्या गटात गेली आहे. तिला ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मिळेल, अशी आशा नको. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते. म्हणजे २० ते ५० वर्षांच्या मधली गाडी कायद्याच्या नजरेत वारसा नाही, फक्त म्हातारी आहे.

कंपनीच उरली नाही तर?

गोव्यातील सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म ही फायबर बॉडीची छोटी दोन आसनी गाडी अनेकांनी फोटोत पाहिली असेल. डीसीची अवंती तर २०१२ च्या ऑटो एक्स्पोत गाजली होती. दोन्हींत रेनोची इंजिने होती. दोन्ही आता बनत नाहीत. अशा गाडीचे इंजिन दुसऱ्या कंपनीचे असल्याने त्याचे भाग शोधता तरी येतात. पण काच, दिव्याची चौकट, दाराचा रबर आणि बॉडीचे पॅनल मिळवणे हे खरे दुखणे ठरते. म्हणून दुर्मीळ गाडी घेताना ‘इंजिन कसे आहे?’ याच्या बरोबरीने ‘पुढची काच मिळते का?’ हेही विचारायला हवे.

मग उपाय काय?

माढा तालुक्याला दुरुस्तीची परंपरा नवी नाही. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी शतकाहून अधिक काळ या भागात धावली आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांनी ती धावती ठेवली. यंत्र जुने होते, पण ते उघडायची मुभा, त्याची माहिती आणि भाग बनवणारे हात एकाच गावात होते.

आजच्या मेकॅनिककडे हात आहेत, माहिती नाही. आधुनिक स्पोर्ट्स कारमध्ये अनेकदा बॅटरी बदलली तरी संगणकाला ते कळवावे लागते. त्यासाठीचे सॉफ्टवेअर बहुतांशी अधिकृत सेंटरकडेच असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. त्यात शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती टाकणे कंपनीच्या मर्जीवर राहिले, तर तालुक्याच्या गॅरेजला त्याचा उपयोग नाही. सर्व्हिस मॅन्युअल, स्कॅनरचे कोड आणि ठरावीक वर्षे सुटे भाग देणे कायद्याने बंधनकारक व्हायला हवे. हा प्रश्न चार हौशी स्पोर्ट्स कारवाल्यांचा नाही. नव्या ट्रॅक्टरमध्येही इलेक्ट्रॉनिक्स वाढत आहे. उद्या ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा सेन्सर अडला, तर शेतकऱ्यालाही हाच दोनशे किलोमीटरचा फेरा पडेल.

तर जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी की नाही?

हौसेला मोल नसते, पण हौसेच्या दुरुस्तीला असते. घ्यायचीच असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली गाडी घ्या, मग ती थोडी महाग असली तरी चालेल. सौदा करण्यापूर्वी तिसऱ्या, जाणकार मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून आणि स्कॅनर लावून तपासून घ्या. खरेदी किमतीच्या किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. १० लाखांची गाडी घ्यायची असेल, तर खिशात साडेबारा लाख हवेत. तेवढे नसतील, तर बजेट आठ लाखांचे आहे असे समजावे. आणि घरची एकमेव गाडी म्हणून ती घेऊ नये. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो, तेव्हा शेडमध्ये पार्टची वाट पाहणारी गाडी कामाची नसते.

कर्ज काढून घेण्याचा विचार असेल, तर दोनदा विचार करा. हप्ता आणि गॅरेजचे बिल एकाच महिन्यात आले, तर आधी सर्व्हिस टळते. टळलेली सर्व्हिस पुढच्या मोठ्या बिलाचा पाया असते. जुन्या स्पोर्ट्स कार बहुतेक वेळा वेगाने मरत नाहीत, पुढे ढकललेल्या ऑइल चेंजने मरतात.