परवलीच्या शब्दाचा जाच

दर तीन महिन्यांनी परवलीचा शब्द ऊर्फ पासवर्ड बदला; त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवेच, असे फर्मान कित्येक बँका आजही सोडीत असतात. (ज्यांच्या लिपीत लहानमोठ्या अक्षरांचा भेदच नाही, त्यांना हे मोठे अक्षर!) या फर्मानाचा आधार म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी बिल बर्र यांनी २००३ साली लिहिलेला सल्ला. खुद्द त्यांनीच २०१७ साली त्याबद्दल जाहीर खेद प्रकट केला. त्याच वर्षी संस्थेनेही सुचविले की, शब्द लांब असावा आणि तो फुटल्याचा पुरावा मिळाला तरच बदलावयास लावावा. सक्तीला विटलेला माणूस जुन्याच शब्दाच्या शेवटी १ चा २ करतो; हे चोरालाही ठाऊक असते. पेन्शनर गृहस्थ तर तो पासबुकाच्या पाठीवरच टिपून ठेवतात. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान, तो बँकेस वर्दी देईपर्यंत, रिझर्व्ह बँकेने २०१७ च्याच परिपत्रकाने त्याच्या माथी घातले! स्मरणात राहणार नाही असा शब्द बँकेने घ्यावयास लावावा आणि भुर्दंड ग्राहकाने सोसावा, हा कोठला न्याय? बँकांनी हा नियम मागे घ्यावा; तोवर त्या टिपणास निष्काळजीपणा म्हणण्याचा अधिकार त्यांना नाही.