यंदा कोणती कादंबरी?

चौघींनी मिळून एक साडी निवडता येते. आठजणींनी मिळून सहलीचे ठिकाणही ठरवता येते. पण चौदा शिकल्यासवरल्या माणसांना एकच कादंबरी पसंत पडणे, ही गोष्ट पत्रिका जुळण्याहूनही दुर्मिळ! त्यातून ती कादंबरी ऐतिहासिक असेल तर विचारूच नका. सामाजिक कादंबरी आवडली नाही, तर माणूस ‘आपल्याला नाही बुवा जमली’ म्हणून ती मुकाट्याने खाली ठेवतो. ऐतिहासिक कादंबरीतली माणसे मात्र प्रत्येकाला आपल्याच घरातली वाटतात, आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा पहिला मान आपला, असे जो तो धरून चालतो.

आमचे वाचनमंडळ गेली सहा वर्षे चालले आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, पाळीपाळीने एकेकाच्या घरी आम्ही जमतो. नियम दोनच. पुस्तक वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही, आणि खायला एकच पदार्थ करायचा. पहिला नियम पुरुष मोडतात, दुसरा आम्ही बायका.

दिवाळीनंतरच्या चार बैठकांसाठी एखादी ऐतिहासिक कादंबरी घ्यावी, एवढे एकमताने ठरले. एकमत तिथेच संपले!

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लगेच ‘स्वामी’ सुचवली. १९६४ साली लग्नात आहेर म्हणून आलेली त्यांची प्रत अजून कपाटात आहे. पुठ्ठा निखळला आहे, पण एक पान हरवलेले नाही. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या सर्वांत धाकट्या सभासद मुलीला विश्वास पाटलांची ‘पानिपत’ हवी होती. बँकेत जाणाऱ्या वहिनी म्हणाल्या, “कुठलीही घ्या, पण लोकलमध्ये एका हाताने धरता आली पाहिजे. दुसरा हात दांडीला असतो.” निवृत्त मुख्याध्यापकांची अट वेगळीच होती : “आधी मला सांगा, त्यात खरे किती?” आणि आमच्या ह्यांनी तोडगा काढला, “जिच्यावर सिनेमा निघाला असेल ती घ्या. म्हणजे न वाचताही बोलता येते.” (ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट निघाला, तो ह्यांनी दोनदा पाहिला आहे. पुस्तक एकदाही उघडलेले नाही.)

शेवटी, जे काम कुणालाच नको असते ते जसे आपोआप माझ्याकडे येते, तसे निवडीचे काम माझ्याकडे आले.

यादी करायला बसले आणि थक्कच झाले. केवढी ही दौलत! रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. तिथून मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा उगम मानतात. मग हरिभाऊ आपटे आले. त्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले, आणि त्यात हप्त्याहप्त्याने येणाऱ्या त्यांच्या कादंबऱ्यांची घरोघर वाट पाहिली जाई. ‘उषःकाल’ हे नाव ज्यांनी पुस्तक पाहिलेलेही नाही अशांच्या कानावर असते. पुढे नाथमाधव आले, हडप आले, आणि १९६२ साली रणजित देसायांची ‘स्वामी’ आली. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इनामदारांनी ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर आणि ‘मंत्रावेगळा’त दुसरा बाजीराव उभा केला. ज्यांना इतिहासाने नावे ठेवली त्यांचे वकीलपत्रच जणू त्यांनी घेतले. गोनीदांनी शिवकाळ लिहिला, शिवाजी सावंतांनी १९७९ साली ‘छावा’ दिली, आणि १९८८ साली ‘पानिपत’ आली. निवडायचे तरी काय?

म्हणून मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरवल्या. कुणाला आपल्या मंडळासाठी उपयोगी पडल्या तर पाहा.

पहिली कसोटी वादाची. ज्या पुस्तकावर सगळे नुसतेच ‘वा, छान!’ म्हणतील, ते घरी एकट्याने वाचावे. मंडळाला असे पुस्तक हवे की, एकाने ‘माधवरावांनी काकांना कैद केले ते बरोबरच’ म्हणावे आणि दुसऱ्याने चहाचा कप खाली ठेवून ‘मुळीच नाही’ म्हणावे.

दुसरी कसोटी हाताची आणि डोळ्यांची. ती बहुतेक मंडळे विसरतात. पुस्तक जाड असेल तर चार बैठकांत त्याचे भाग पाडता येतात का? अक्षर बारीक असेल तर आजींना कोण वाचून दाखवणार? ग्रंथालयात एक प्रत आणि वाचणारे चौदा, असे असेल तर निम्मे मंडळ गप्प बसून राहते.

तिसरी कसोटी कागदाची. ती मुख्याध्यापकांची, आणि मला पटलेली. माधवराव १७६१ साली, सोळाव्या वर्षी पेशवे झाले. १७६३ साली राक्षसभुवनला त्यांनी निजामाचा पराभव केला. १७६८ साली धोडपला राघोबादादांना हरवून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, गणपतीच्या सान्निध्यात, सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. हे सारे कागदात आहे. असे कागद शोधण्यासाठी माणसांनी जन्म वेचले. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रे आहेत. पण माधवराव रात्री दमून महालात आले तेव्हा रमाबाई त्यांना काय म्हणाल्या, ते कुठल्या दप्तरात असणार? तिथे कागद संपतो आणि कादंबरीकार सुरू होतो.

“म्हणजे ते संवाद खोटेच,” मुख्याध्यापक म्हणाले.

“खोटे कसे?” आजी उसळल्या. “माझ्या डोळ्यांसमोर आहेत की!”

डोळ्यांसमोर असणारच. ‘स्वामी’ दूरदर्शनवर मालिका होऊन आली, तेव्हापासून कित्येक घरांत माधवराव म्हणजे रवींद्र मंकणी, हे पक्के होऊन बसले आहे. माझ्या एका भाच्याने तर इतिहासाच्या पेपरात कादंबरीतला संवादच उतरवला होता. बाईंनी गुण कापले तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी त्याच्याच बाजूने भांडली. कादंबरीची ही ताकद आहे आणि हाच तिचा धोका. म्हणून मी मुख्याध्यापकांना सांगितले, प्रत्येक बैठकीत पहिली दहा मिनिटे तुमची. कागदात काय आहे ते तुम्ही सांगायचे, उरलेला वेळ कादंबरीचा. ते खूश झाले. (दहा मिनिटांची चाळीस होतील, हे आम्ही सगळे जाणून आहोत.)

या तिन्ही कसोट्यांना ‘स्वामी’ उतरत होती. वाद आहेत, बेताची आहे, प्रती सहज मिळतात. मी नाव वहीत लिहिणार, तेवढ्यात दुसऱ्या विंगमधल्या आमच्या एक सभासद बाई बोलल्या. त्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. त्यांचे यजमान गेल्या श्रावणात गेले. पंचावन्न वय, मुले परगावी.

“‘स्वामी’ घ्या,” त्या म्हणाल्या. “पण शेवटच्या बैठकीला मी येणार नाही.”

“अगं, शेवट तर किती सुंदर आहे!” आजी म्हणाल्या.

“म्हणूनच नाही येणार.”

कुणाला काही उमगेना. त्या खाली बघत सावकाश म्हणाल्या, “दिवसकार्याला आलेल्या आमच्या नात्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, ‘रमाबाईसाहेबांसारखं भाग्य सगळ्यांना कुठलं असायला!’ वाईट मनानं नाही म्हणाल्या. माझं दुःख हलकं करायलाच म्हणाल्या असतील. रमाबाई सती गेल्या, त्यांचं थेऊरला वृंदावन झालं, कादंबरीत त्या अमर झाल्या. आणि मी मागे राहिले. सकाळी दूध घ्यायला, विजेचं बिल भरायला, मुलांचा फोन आला की ‘मी बरी आहे’ म्हणायला. मागे राहणाऱ्या बाईवर कुणी सुंदर शेवट लिहीत नाही.”

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आजींनी त्यांचा हात हातात घेतला. बँकेतल्या वहिनी चटकन म्हणाल्या, “जाऊ द्या, पेशवाईच नको. दुसरं काही तरी हलकंफुलकं घेऊ.”

त्यावर त्या बाईंनी मान वर केली. “माझ्यासाठी पुस्तक बदलू नका हं! घरी येणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोर विषय बदलतो. इथं तरी बदलू नका.”

बैठक तशीच उठली. मी घरी आले, पण स्वयंपाकात लक्ष लागेना. ‘स्वामी’ घ्यावी तर त्यांना एकटे पाडल्यासारखे होणार. टाळावी तर त्यांची कीव केल्यासारखे. आणि पुस्तकाचा तरी काय दोष? सती जाणे कायद्याने बंद होऊ लागले ते १८२९ पासून. रमाबाई त्याच्या सत्तावन्न वर्षे आधीच्या. त्या गेल्या, एवढे इतिहास सांगतो. जाताना त्यांच्या मनात काय होते, ते सांगायला कुणी उरले नाही. तिथे कादंबरीकाराने आपले शब्द घातले, आणि आमच्या दोन पिढ्यांनी ते आरतीसारखे पाठ केले.

भाजी फोडणीला टाकताना एकदम आठवण झाली ती पार्वतीबाईंची.

पार्वतीबाई म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, नात्याने माधवरावांच्या चुलत काकू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले. आपण आजही ‘विश्वास पानिपतातच गेला’ म्हणतो, तो हाच. पार्वतीबाई त्या मोहिमेत बरोबर होत्या. त्या पुण्याला परत आल्या. पण भाऊसाहेब गेले, हे त्यांनी कधीच मानले नाही. कुंकू पुसले नाही. पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याला १७७६ साली देहान्त शिक्षा झाली, आणि एवढी वर्षे त्या वाट पाहत राहिल्या. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. घरात आहे आणि कुठेच नाही! या बाईवर इनामदारांनी १९८३ साली आख्खी कादंबरी लिहिली आहे, ‘शिकस्त’. म्हणजे मागे राहिलेल्या बाईवरही लिहिणारा भेटला होता. आमचेच तिच्याकडे लक्ष गेले नव्हते.

पुढच्या शनिवारी खास बैठक बोलावली. मी म्हटले, दोन्ही घेऊ. एकच घर, एकाच लढाईने मोडलेले. आणि त्यातल्या दोन बायका. एक गेली, एक राहिली. नोव्हेंबर-डिसेंबरात ‘शिकस्त’, जानेवारी-फेब्रुवारीत ‘स्वामी’. ‘स्वामी’ वाचताना पार्वतीबाई मनात असू द्यायच्या, आणि रमाबाईंना ना हसायचे, ना पुजायचे. कॉलेजातल्या मुलीने ‘पानिपत’ एकटीने वाचून आम्हांला लढाई नकाशावर समजावून द्यायची.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि तोतयाच्या चौकशीवर आपल्याला दहा मिनिटे पुरणार नाहीत, असे आत्ताच सांगून ठेवले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “साठ वर्षं झाली मला ‘स्वामी’ वाचून. पण मी वाचते ती माधवराव-रमाबाईंसाठी. त्याच घरात आणखी एक बाई आयुष्यभर दाराकडे बघत बसली असेल, हे कधी मनातच आलं नाही.” त्या थांबल्या, आणि त्या बाईंकडे वळून म्हणाल्या, “अक्षर बारीक असलं तर तू मला वाचून दाखवशील का? दुपारी मी मोकळीच असते. तूही असशील.”

त्यांनी नुसती मान हलवली.

वाचकहो, तुमच्याही घराजवळ असे एखादे मंडळ असेल, नसेल तर या दिवाळीत काढा. पुस्तक निवडताना परीक्षणे जरूर वाचा, पाने मोजा, किंमत पाहा. पण त्याबरोबर आपल्या सतरंजीवर कोण कोण बसले आहे, तेही एकदा पाहून घ्या. कुणाच्या दुखऱ्या जागेला पुस्तक हात घालणार असेल, तर ते परस्पर टाळून टाकू नका. त्या माणसाला विचारा. पुष्कळदा त्याला टाळलेले नकोच असते. आपली बाजू मांडणारे आणखी एक पुस्तक शेजारी असावे, एवढेच हवे असते. मराठीत अशी पुस्तके पुष्कळ आहेत. शोधावी मात्र लागतात.

आमची पहिली बैठक तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आहे. कुणाच्या घरी, याची चिठ्ठी टाकायची होती. पण त्या बाईंनीच ‘माझ्याकडे ठेवा’ म्हणून सांगितले. यजमान गेल्यापासून त्यांच्याकडे चारचौघांचे येणे हे पहिलेच. खायला एकच पदार्थ, हा नियम त्यांना आठवण करून दिला, तर म्हणाल्या, “यंदा फराळाचं काही केलं नाही मी. आता करीन म्हणते. एकाच पदार्थाचं वचन मात्र देत नाही.”