सहेरीची जोडगोळी

रमजानात अंगात ताप असला की ब्राह्मणपुरीसारख्या गावात घरोघरी एक हिशेब मांडला जातो. दिवसभर पाण्याचा घोटही चालणार नाही, तेव्हा पॅरासिटामॉल साडेसहाशेच्या दोन गोळ्या सहेरीलाच घेऊन टाकाव्यात, इफ्तारपर्यंत निभावेल. हिशेब सोयीचा आहे, पण चुकीचा. या गोळीचा असर चार ते सहा तास. जोडीने घेतली म्हणून ती संध्याकाळपर्यंत पुरत नाही, यकृतावरचा भार मात्र वाढतो. या औषधाचा थोडा भाग शरीरात विषारी होतो आणि यकृत तो निकामी करते. दोन दिवस तापाने धड जेवण न गेलेल्या माणसाच्या यकृताकडे ती ताकद कमी उरते.

मोठ्या माणसाने एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घ्यावे, फार तर १०००. मध्ये किमान चार तास जाऊ द्यावेत आणि चोवीस तासांत ४००० च्या वर कधीही जाऊ नये. अंगाने किरकोळ, यकृताचा आजार असलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाची मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांनी ठरवावी. इफ्तारनंतर एक, तरावीहनंतर झोपताना एक, सहेरीला एक, एवढे रात्रीत आरामात बसते.

खरी गफलत नावांची. क्रोसिन, कालपोल, डोलो ही नावे तीन, औषध एकच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत तेच असते आणि पपईच्या तोडणीनंतर कंबर धरली म्हणून आणलेल्या गोळीतही पुष्कळदा तेच. त्या कंबरेच्या गोळीत जोडीला ॲसिक्लोफेनॅकसारखे औषध असेल, तर उपाशीपोटी पोटाची वाट लागते ती वेगळीच. मेडिकलवाल्याने पुडीवर ‘पॅरासिटामॉल’ आणि सहेरी-इफ्तारची वेळ मराठीत लिहून दिली, तर त्याचे काही जात नाही.

लहान मुलांचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो : किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. कुपोषणाने गांजलेल्या नंदुरबार जिल्ह्यात तीन वर्षांचे मूल दहाच किलोचे असू शकते. त्यात पाच मिलिलिटरमागे १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या बाजारात आहेत. चमचा तोच, औषध दुप्पट.

दुपारची डोकेदुखी बहुधा चुकलेल्या चहाची आणि कमी पडलेल्या पाण्याची असते. रमजानच्या आधीपासून चहा कमी करत आणावा. गोळीने ती सवय सुटत नाही. आणि ताप खरोखरच चढला असेल, तर आजाऱ्याने रोजा पुढे इतर दिवशी पूर्ण करावा, ही सवलत कुरआनातच आहे, सूरह बकरामध्ये. ती नाकारून गोळ्यांवर रोजा रेटण्यात कसली आली परहेजगारी? नवरात्रात ताप अंगावर काढणाऱ्या शेजारणीलाही यकृत एकच असते.

चुकून जास्त गोळ्या गेल्या, तर पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवतही नाही. यकृताचे नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर उत्तम लागू पडतो. तेव्हा इफ्तारची वाट न पाहता, रिकामी पाकिटे बरोबर घेऊन, शहादा किंवा नंदुरबारचे सरकारी रुग्णालय गाठावे.