माहितीही गाळून घ्यावी



पाणी गाळून घेण्याचा संस्कार आपल्या घरांत बालपणापासून रुजलेला असतो. पेढीवर बसून मोबाइलवर मिळविलेली माहिती मात्र आपण जशी येईल तशी स्वीकारतो. बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक शोधावा, तर एखाद्या भामट्याने मांडलेला क्रमांकही पहिल्याच पानावर दिसू शकतो. त्यावर विसंबून ओटीपी सांगितला, की चालू खात्यातील भांडवल क्षणार्धात परक्याचे होते.

यावर एक साधे गाळणे आहे. गूगलच्या शोधचौकटीत आपला विषय लिहावा, एक जागा सोडावी आणि ‘साइट’ या शब्दाची एस, आय, टी, ई ही चार इंग्रजी अक्षरे टंकावीत. त्यांना लागून अपूर्णविरामाची दोन टिंबे व लगेच हव्या त्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. टिंबांच्या मागेपुढे मोकळी जागा नको.

पत्त्याच्या ठिकाणी ‘जीओव्ही डॉट इन’ इंग्रजीत लिहिल्यास केवळ सरकारी स्थळांवरील पाने समोर येतात. कारण पत्त्याचा हा शेवट शासकीय संस्थांसाठीच राखीव आहे. जीएसटीविषयीच्या शंकेसाठी हा संकेत विशेष उपयोगी पडतो. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ हा शेवट असलेले पत्ते स्वीकारावेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. म्हणून आपल्या बँकेच्या नावापुढे हाच संकेत जोडून क्रमांक शोधावा. तोतया स्थळे आपोआप वगळली जातात.

तथापि दोन बाबतींत विवेक हवाच. ‘प्रायोजित’ असा शिक्का असलेली नोंद ही जाहिरात असते. तिला हे गाळणे लागू होईलच असे नाही. दुसरे असे की, सरकारी स्थळावर जुनी परिपत्रकेही असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले. त्यापूर्वीचा कागद पाहून बिल केल्यास कराचा हिशेब चुकतो. म्हणून परिपत्रकाचा दिनांक प्रथम पाहावा.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे; जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. त्याहून बरे म्हणजे, निवांत वेळी आपल्या सर्व बँकांचे अधिकृत क्रमांक याच रीतीने शोधून पेढीच्या वहीत लिहून ठेवावेत आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही द्यावेत.